इंदूरात बसून विज्ञानकथांचा संग्रह काढताय? कथा अशा निवडा

सगळ्यात आधी कथांवरची नावं काढून टाका आणि नुसते नंबर द्या, कारण आपल्या इंदूरच्या मराठी मंडळींत सगळे एकमेकांना ओळखतात आणि ओळखीच्या काकूंची कथा परत करायला जीव धजत नाही. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला जयंत नारळीकरांनी मुद्दाम नारायण विनायक जगताप या नावानं कथा पाठवलेली, तरी पहिलं बक्षीस तिलाच मिळालं!

मग वाचताना एक टेस्ट लावा, विज्ञान काढून टाकलं तर कथा तशीच उभी राहते का? राहिली तर कथा छान असेल पण या संग्रहातली नाही. आणि उलटं पण बघा, कोणी आरआरकॅट या आपल्या इंदूरच्या संशोधन केंद्रातल्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे इलेक्ट्रॉन प्रचंड वेगानं गोल फिरवणाऱ्या यंत्रावर लिहिलं आणि पानंच्या पानं इलेक्ट्रॉन कसे फिरतात तेच सांगत बसलं तर तो लेख झाला ना, मला तिथं नाइट शिफ्ट करणाऱ्या माणसाचं काय झालं ते वाचायचंय. विज्ञानाची बारीक चूक जाणकाराला दाखवून दुरुस्त करता येते, फसलेला शेवट सहसा नाही.

रोबोटच्या चार चांगल्या कथा आल्या तरी दोनच घ्या. सगळ्यात दमदार कथा पहिली लावा, तिच्या खालोखालची शेवटी.

जुनी कथा घेणार असाल तर लेखी परवानगी हवीच, लेखक हयात नसला तर वारसांची, कारण आपल्याकडे कॉपीराइट लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. आणि प्लीज, नकार पण वेळेवर कळवा, लोक वाट बघत असतात.