शिशाच्या ओतीव गोळ्या: या चुका टाळा

बंदुकीच्या नळीत शिसं साचू लागलं आणि नेम फाकू लागला की पहिला संशय धातूवर येतो. गोळी मऊ पडली, अँटिमनी (शिसं कडक करणारा धातू) वाढवा! अमेरिकेत घरी गोळ्या ओतणारे पुष्कळ (आपल्याकडे १९५९च्या शस्त्र कायद्यामुळे परवान्याशिवाय ते करता येत नाही), आणि हा गैरसमज तिथेही काही केल्या जात नाही. खरा दोष बहुधा व्यासात असतो. गोळी सैल बसली की मागचा तापलेला वायू तिच्या कडेने पुढे घुसतो आणि शिसं वितळवून नळीला चिकटवतो. कडक गोळी दाबाखाली फुगतही नाही; सैल ती सैलच राहते.

म्हणून आधी नळी मोजा. बंदूक .४५-७० या काडतुसाची आहे म्हणजे नळीतल्या पिळदार खाचांचा व्यास ०.४५८ इंच, असं गृहीत धरू नका. ट्रॅपडोर स्प्रिंगफील्ड या जुन्या अमेरिकी लष्करी रायफलच्या नळ्या बऱ्याचदा त्याहून मोठ्या निघतात. बंदूक रिकामी असल्याची खात्री करा, नळीला तेलाचा हात फिरवा आणि शुद्ध शिशाचा तुकडा हलके ठोकत पार करा. त्यावर उठलेले उंचवटे मायक्रोमीटरने मोजायचे. ट्रॅपडोरला खाचा तीनच, त्यामुळे समोरासमोर उंचवटे येत नाहीत आणि साधा मायक्रोमीटर कमी माप दाखवतो. तिथे व्ही आकाराच्या जबड्याचाच हवा. गोळी या मापापेक्षा ०.००१ ते ०.००२ इंच जाड ठेवा. साच्यातून फारच जाड गोळी येत असेल तर साइझिंग डायमधून (ठरावीक मापाच्या भोकातून) दामटून बारीक करण्यापेक्षा योग्य मापाचा साचा घ्या. दामटलेली गोळी वाकडी होते.

गोळीवर सुरकुत्या आल्या तर साचा थंड आहे किंवा त्यात तेल राहिलंय. पांढरट झाक म्हणजे साचा जास्त तापलाय, पण गोळी नीट भरली असेल तर खुशाल वापरा. नाकावरचा बारीक डागही चालतो. बुडाची कड गोलसर राहिली असेल, तर मात्र गोळी परत भांड्यात. नळीतून सुटताना वायूचा शेवटचा धक्का बुडालाच बसतो. तिथे कड एका बाजूला उणी असली की गोळी भरकटते. वरचं शिसं पुरतं गोठण्याआधी साच्यावरची, जादा शिसं कापणारी पट्टी फिरवली तरी बूड फाटतं.

गाडीच्या चाकांचा तोल साधणारी जुनी वजनं वितळवणार असाल तर तापमान ३७० अंश सेल्सिअसच्या आत ठेवा. शिसं ३२७ला वितळतं, जस्त ४१९ला. त्यातली जस्ताची वजनं न वितळता वर तरंगतात, ती लगेच काढून टाका. ओलसर तुकडा वितळलेल्या शिशात कधीच टाकू नका. पाण्याची क्षणात वाफ होते आणि भांड्यातलं शिसं अंगावर उडतं. चष्मा, हातमोजे, खेळती हवा हवीच. नंतर हात साबणाने धुवा, आणि ते भांडं पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका.