दिवाळीचा फराळ आणि वजनाचा काटा: या चुका टाळा

आमच्याकडे चिवड्याचा डबा ओट्यावरच असतो. पाणी प्यायला गेलं की मूठभर, फोनवर बोलता बोलता मूठभर. ताटात न घेतल्यामुळे ते ‘खाल्लं’ असं कुणाच्या हिशेबातच येत नाही. पाडव्याचं श्रीखंड उगाच बदनाम होतं, खरी गडबड या डब्यापाशी आहे. डबा वरच्या फळीवर ठेवा आणि चिवडा वाटीत घेऊन, बसून खा.

दुसरी चूक अभ्यंगस्नानाच्या दिवशीची. पहाटे फराळ, नऊला पोहे, एकला साग्रसंगीत जेवण. अहो, फराळ हाच त्या दिवशीचा नाश्ता! थोडा हिशेब करून बघा. अर्धा किलो बेसन, पाव किलो तूप आणि साडेतीनशे ग्रॅम पिठीसाखर घेतली, तर सगळं मिळून साधारण ५,६०० कॅलरी होतात. त्यात तीस लाडू वळले, तर एकेक लाडू १८५ कॅलरींच्या आसपास, म्हणजे दोन फुलके. लाडू खाऊ नका असं मी म्हणणार नाही, पण तो खाल्लात तर जेवताना दोन फुलके कमी घ्या. साखरेऐवजी गूळ घातला म्हणून लाडू हलका होत नाही. गुळाच्या कॅलरी जवळपास साखरेइतक्याच.

तळणाच्या चुका तर कढईपासूनच सुरू होतात. तेल पुरेसं तापलेलं नसताना चकली सोडली की ती तेल पिते. पिठात घातलेलं मोहन, म्हणजे गरम तेल, जास्त झालं तरी तेच, वर ती कढईत विरघळते. पिठाचा छोटा गोळा टाकून बघा, लगेच वर आला तर तेल तयार. मग मध्यम आच ठेवा आणि एका वेळी चार-पाचच चकल्या सोडा. चिवडा पातळ पोह्यांचा करा, पोहे कोरडे भाजून घ्या. जाड पोहे तळून केलेल्या चिवड्यापेक्षा तेल कितीतरी कमी लागतं.

कुणाकडे फराळाला जायचं म्हणून दुपारी उपाशी राहणं हा आणखी एक उद्योग. भुकेल्या पोटी समोर ताट आलं की हात थांबत नाही. निघण्याआधी एखादं फळ किंवा वाटीभर ताक घ्या. यजमान आग्रह करणारच, काकू तर ‘एवढंसं काय घेतलंस?’ म्हणून वाढतीलच. पहिल्या वेळी थोडंच घेतलं की दुसऱ्या वाढपाला जागा राहते आणि काकूही खूश. अनारसा, कडबोळी घ्या, हे वर्षातून एकदा मिळतं. दुकानची शेव आणि वेफर्स बाराही महिने आहेतच. शिवाय घरोघरचा चहा मोजा. दोन चमचे साखरेचे चार कप, म्हणजे आठ चमचे साखर.

मधुमेह असेल तर ‘दिवाळीपुरतं’ म्हणून गोळ्यांचे डोस स्वतःच्या मनाने बदलू नका, आधी डॉक्टरांना विचारा.

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहून घाबरू नका. मीठ आणि पिष्टमय पदार्थ जास्त झाले की शरीरात पाणी साठतं, त्यामुळे किलोभर तर नुसत्या पाण्याचंच दिसू शकतं. आठवडाभर नेहमीचं जेवून मग वजन करा. तोवर उरलेले लाडू ऑफिसात न्या. आणि चिवडा? त्याची मिसळ करा, मोडाची मटकी भरपूर, तर्री बेताची.