गिअर पंप बांधायला घेताना आधी बॉडी पाहा

ठाणे-नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात, रबाळे, महापे किंवा वागळे इस्टेटच्या एखाद्या शॉपमध्ये (कारखान्यात) मेंटेनन्सला लागलात की प्रेशर न देणारा गिअर पंप (एकमेकांत अडकलेल्या दोन गिअरने मशीनला दाबाखाली तेल देणारा पंप) टेबलावर येईलच. लगेच सील किट (सीलांचा संच) मागवू नका. बुशमागचं (गिअरचा शाफ्ट ज्यात फिरतो त्या तुकड्यामागचं) तीनच्या आकड्यासारखं सील फाटलं असेल, तर किटने प्रेशर परत येतं. बॉडीच (गिअरभोवतीचं कवच) आतून झिजली असेल, तर नवं किट फुकट जातं.

खोलण्याआधी बॉडी आणि दोन्ही कव्हरवर तिरकी रेघ मारा, फिरण्याची दिशा लिहा, प्रत्येक थराचा फोटो काढा. आणि धुण्याआधी झीज वाचा. बारीक लांब चरे म्हणजे तेलात कचरा. सक्शनकडे (तेल आत येतं त्या बाजूला) स्पंजासारखे खड्डे म्हणजे पंपाला तेल पुरत नव्हतं. स्ट्रेनर (सक्शनची जाळी) तुंबलाय का पाहा. पावसाळ्यात तेल दुधाळ दिसलं, तर टाकीत पाणी शिरलंय.

प्रेशर गिअरना सक्शनकडे ढकलतं, म्हणून दातांची टोकं बॉडी तिथेच कापतात. नवा पंपही सुरुवातीला हलकी वाट पाडतो, ते चालतं. डायल गेजने खोली मेकरने दिलेल्या मर्यादेच्या पुढे भरली, तर बॉडी बाद. बोअर (गिअर बसतात ती पोकळी) मोठा करू नका. टोकाची फट वाढते आणि तेल आतल्या आत परततं.

गिअर जोडीनेच बदला. बुशच्या तोंडावरचे चरे सपाट काचेवर 1000 नंबरच्या पॉलिश पेपरने, तेल लावून काढा. हात आखडता ठेवा. उंची घटली की मागचं सील दाबलं जात नाही.

जोडताना कॉटन वेस्ट लांब ठेवा, त्याचे धागे आत राहतात. शाफ्टवरच्या चावीच्या (की) खाचेवर टेप गुंडाळून मगच शाफ्ट ऑइल सीलमधून घाला. बोल्ट समोरासमोरचे, तीन टप्प्यांत आवळा. टॉर्क मेकरच्या तक्त्यातला. शाफ्ट हाताने एकसारखा जड फिरायला हवा. मध्येच अडकला, तर बुश तिरका बसलाय, पुन्हा खोला.

टाकी साफ करून नवं तेल भरल्याशिवाय पंप चढवू नका. सक्शन पोर्टमधून पंपात तेल ओता, रिलीफ व्हॉल्व्ह (जादा प्रेशर सोडणारा) ढिला करा, मोटर क्षणभर फिरवून दिशा तपासा. उलटी फिरली, तर ऑइल सील बाहेर फेकलं जातं. दहा मिनिटं बिनलोड, मग प्रेशर टप्प्याटप्प्याने वाढवा. 20 सीसीचा (एका फेरीत 20 घन सेंमी तेल देणारा) पंप 1440 आरपीएमला हिशोबाने मिनिटाला 28.8 लिटर देतो. रेटेड प्रेशरला 26 मिळाले तर पंप मशीनवर जाऊ द्या. 22 च मिळाले तर तो अजून आतून गळतोय.