शेततळ्यातील ऑक्सिजन, पीएच आणि तापमान ऑप्टिकल सेन्सरने कसे मोजावे

शेततळ्यात रोहू, कटला किंवा चिलापी पाळणाऱ्याने पाण्यातील विरघळलेला ऑक्सिजन, पीएच (पाणी किती आम्ल वा अल्कधर्मी आहे त्याचे माप) आणि तापमान ही तिन्ही मापे एकाच वेळी घ्यावीत, कारण एकाचा अर्थ दुसऱ्यावाचून लागत नाही. पाणी 30 अंश सेल्सिअस असताना पीएच 8 असेल, तर पाण्यातील एकूण अमोनियापैकी सुमारे 7 टक्के भाग माशाला विषारी असलेल्या रूपात असतो. तोच पीएच 9 झाला की हा भाग 45 टक्क्यांच्या आसपास जातो. एप्रिल-मे महिन्यांत सोलापूरचे ऊन चाळिशीपार गेले की वरच्या थरातले पाणीही चांगलेच तापते आणि पाणी जितके गरम, तितका ऑक्सिजन त्यात कमी मावतो.

ऑप्टिकल प्रोबच्या, म्हणजे प्रकाशाने माप घेणाऱ्या आणि पाण्यात बुडवायच्या सेन्सरच्या, टोकावरील टोपीत एक चमकणारे रंगद्रव्य बसवलेले असते. त्यावर प्रकाशाचा झोत पडला की ते क्षणभर उजळते. ऑक्सिजनचे रेणू त्याला येऊन धडकले की ही चमक लवकर विझते. ती किती लवकर विझली, यावरून मीटर ऑक्सिजनचे प्रमाण काढतो. जुन्या पडद्याच्या इलेक्ट्रोडप्रमाणे हा प्रोब ऑक्सिजन खात नाही, म्हणून तो पाण्यात सतत हलवत बसावे लागत नाही. मात्र ही चमक तापमानानेही बदलते. त्यामुळे तापमान चुकले की ऑक्सिजनही चुकलाच. म्हणून मीटरचे तापमान आधी एका भरवशाच्या थर्मामीटरशी बादलीभर पाण्यात ताडून पाहावे आणि मगच पुढे जावे.

यानंतरची पायरी हवेच्या दाबाची, आणि नेमकी तीच बहुतेक जण गाळतात. सोलापूर समुद्रसपाटीपासून सुमारे 450 मीटर उंचीवर आहे. समुद्रसपाटीला 30 अंशाच्या गोड्या पाण्यात हवेतून जास्तीत जास्त 7.56 मिलिग्रॅम प्रतिलिटर ऑक्सिजन विरघळतो. येथे तोच आकडा सुमारे 7.1 भरतो. मीटरला दाब सांगितला नाही, तर तो पाच-सहा टक्के जास्त ऑक्सिजन दाखवू शकतो, आणि पहाटे मासे आधीच धापा टाकत असताना असा खोटा दिलासा परवडणारा नसतो. येथे आणखी एक फसगत संभवते. हवामानाच्या बातम्यांत किंवा मोबाइलवर दिसणारा दाब बहुधा समुद्रसपाटीला आणून दिलेला असतो, म्हणजे हजार हेक्टोपास्कलच्या आसपास. मीटरला हवा असतो तो जागेवरचा दाब, जो सोलापुरात 960 हेक्टोपास्कलच्या आगेमागे असतो. ज्या मीटरमध्ये दाबाचा सेन्सर आहे, त्याला ही अडचण येत नाही. नवीन मीटर घेताना एवढे एक विचारून घ्यावे.

कॅलिब्रेशन, म्हणजे मीटरचा आकडा जुळवून घेणे, सावलीत करावे. प्रोबच्या साठवणीच्या कपात ओला स्पंज किंवा थोडे पाणी ठेवून प्रोब असा बसवावा की टोक पाण्याला टेकणार नाही, आणि दहा-पंधरा मिनिटे थांबून शंभर टक्क्यांची, म्हणजे हवेतून जेवढा मावतो तेवढ्या ऑक्सिजनची, खूण करावी. त्याआधी टोपीवर पाण्याचा थेंब लोंबकळत असेल, तर तो मऊ कापडाने टिपून घ्यावा. कारण थेंबाआडून घेतलेले माप हवेचे नसून त्या थेंबाचे असते. शून्याची खूण दर वेळी करण्याची गरज नाही, परंतु टोपी बदलल्यावर किंवा शंका आल्यावर लिटरभर पाण्यात दहा-वीस ग्रॅम सोडियम सल्फाइट (ते पाण्यातला ऑक्सिजन संपवते) विरघळवून ती तपासावी आणि नंतर प्रोब भरपूर पाण्याने धुवावा.

तळ्यावर पहिले माप पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी घ्यावे, कारण रात्रभर शेवाळ आणि मासे दोघेही ऑक्सिजन वापरत असतात आणि तो तेव्हाच सर्वांत कमी असतो. दुसरे माप दुपारी तीनच्या सुमारास घ्यावे. प्रोब काठाशी न बुडवता थोडा आत, आधी वरच्या थरात आणि मग तळाच्या गाळापासून वीतभर वर धरावा. तो किंचित तिरका धरला म्हणजे टोकाखाली हवेचा बुडबुडा अडकत नाही. आकडा स्थिरावल्यावरच तो वेळ, खोली आणि तापमान यांसह वहीत लिहावा. पहाटेचे माप 5 मिलिग्रॅम प्रतिलिटरच्या वर असेल तर चिंता नाही. ते 3 च्या खाली उतरले, तर एरेटर (पाण्यात हवा मिसळणारे यंत्र) ताबडतोब सुरू करावा आणि त्या दिवशी खाद्य देऊ नये. दुपारी शंभर टक्क्यांहून जास्त आकडा आला म्हणून मीटर बिघडला असे समजू नये; हिरव्यागार पाण्यात शेवाळ उन्हात तेवढा ऑक्सिजन तयार करते.

पीएचच्या बाबतीत ऑप्टिकल सेन्सरवर इतका विश्वास टाकू नये, असे माझे मत आहे. त्याचे रंगद्रव्य साधारण तीन एककांच्या पट्ट्यातच नीट काम करते, आणि असे अनेक सेन्सर 8.5 च्या आसपास थकतात. हिरवट तळ्यात दुपारचा पीएच सहज 9 च्या पुढे जातो. चादरी-टॉवेलच्या रंगाईतून निघणाऱ्या सांडपाण्यासाठी तर ऑप्टिकल सेन्सर निरुपयोगीच समजावा, कारण ते पाणी रंगीत, खारट आणि बहुधा बरेच अल्कधर्मी असते. अशा ठिकाणी काचेचा इलेक्ट्रोडच वापरावा. ऑप्टिकल सेन्सर वापरायचाच असेल, तर तो बिनरंगी बफर द्रावणांनी (ठरलेला पीएच असलेल्या द्रावणांनी) कॅलिब्रेट करावा. रंग घातलेले बफर त्याच्या प्रकाशात ढवळाढवळ करतात.

टोपीवर बुळबुळीत थर साचला की तो थर स्वतःच दिवसा ऑक्सिजन सोडतो आणि रात्री शोषतो, म्हणून तळ्यात कायम टांगलेला प्रोब उन्हाळ्यात दर आठवड्याला मऊ कापडाने आणि साध्या पाण्याने पुसावा. स्पिरिट, ॲसिटोन किंवा ब्लीचिंगचे पाणी लावू नये. काम संपल्यावर टोक झाकून प्रोब सावलीत ठेवावा, कारण उन्हाने रंगद्रव्य फिके पडते. आणि टोपी बसवल्याची तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावी, म्हणजे उत्पादकाने सांगितलेली मुदत संपताच ती बदलता येईल.