बेसबॉलचा अंदाज आणि आमचा मोहोर

देवगडला घरी बसून पायथॉन शिकताना बेसबॉलची आकडेवारी हाती लागली. खेळ मी धड पाहिलेलाही नाही, पण आकडे भरपूर आणि फुकट! पहिल्या ४५ अ‍ॅट-बॅटवरून (म्हणजे फलंदाजीच्या संधींवरून) खेळाडूची पुढची सरासरी सांगायची, असा प्रोग्राम लिहिला.

१९७० चा रोबेर्तो क्लेमेंते: ४५ मध्ये १८ हिट (ज्यावर फलंदाज सुखरूप बेसवर पोचतो असे फटके), म्हणजे ०.४०० सरासरी. प्रोग्रामने पुढेही ०.४०० ठोकून दिले. उरलेल्या मोसमात निघाले ०.३४६. थर्मन मन्सन उलटा: ८ हिट, ०.१७८. नंतर ०.३१६, आणि वर्षअखेर सर्वोत्तम नवोदित!

दोन संध्याकाळी कोडमध्ये चूक शोधली. बाबा बागेतून आले, स्क्रीनकडे बघून म्हणाले, "मोहोर बघून पेट्या मोजतोस होय रे?"

चूक तीच, थोड्याशा सुरुवातीवर पूर्ण भरवसा. मग प्रत्येकाच्या खात्यात २०० काल्पनिक अ‍ॅट-बॅट टाकले, यादीतल्या १८ जणांच्या ०.२६५ सरासरीने, म्हणजे ५३ हिट. मन्सन: ६१ भागिले २४५, ०.२४९. चूक निम्म्यावर आली. सगळ्यांची मिळून चूकही बरीच उतरली.

क्लेमेंते मात्र ०.२९० वर आला, म्हणजे आता उलट बाजूला चुकला. साहजिकच आहे. त्याने तोवर चार वेळा लीगमध्ये सर्वाधिक सरासरी मिळवलेली. त्याला नवख्यांच्या रांगेत बसवणं माझाच आगाऊपणा. आता अनुभवी खेळाडूला सगळ्यांच्या सरासरीऐवजी त्याचीच मागच्या वर्षांची सरासरी लावतोय. वयाचा उतार अजून घातलेला नाही, काल रात्री पुन्हा लाइट गेली.