निर्यात मार्गदर्शनाचं सरकारी काम: कोकणात नव्याने रुजू होणाऱ्यांसाठी

रत्नागिरी किंवा सिंधुदुर्गात निर्यातीचं टेबल तुमच्याकडे आलं असेल, मग ते जिल्हा उद्योग केंद्रातलं असो, कृषी विभागातलं की पणन मंडळातलं, तर एक गोष्ट लगेच लक्षात येईल. समोर येणारा माणूस बहुतेक वेळा उशिरा आलेला असतो. आंबा उतरवून झालेला असतो, काजूगर डब्यांत भरलेले असतात, आणि मग विचारणा होते, "साहेब, हे बाहेर पाठवायचं आहे, काय करावं लागेल?" त्या टप्प्यावर सही-शिक्क्याने फारसं काही होत नाही. माल कुठे आणि कोणत्या तारखेला जायचा आहे, तिथून मागे मोजत यायचं आणि तो माणूस ऑफिसात येण्याआधी आपण त्याच्या बागेत किंवा कारखान्यात पोचायचं, यातच या नोकरीचा कस लागतो.

या कामात शिरायच्या वाटा तीन-चार आहेत. उद्योग निरीक्षकाची भरती एमपीएससीतून होते. विदेश व्यापार महासंचालनालयातले भारतीय व्यापार सेवेचे अधिकारी यूपीएससीच्या नागरी सेवा परीक्षेतून येतात. अपेडा (शेतमाल आणि प्रक्रिया केलेल्या पदार्थांच्या निर्यातीचं केंद्रीय प्राधिकरण) आणि एम्पेडा (मासळीच्या निर्यातीचं) स्वतःच्या जाहिराती काढतात. पदवी कृषीची, मत्स्यशास्त्राची किंवा वाणिज्याची असली तर सुरुवात सोपी जाते, पण मालाची ओळख सगळ्यांना इथेच करून घ्यावी लागते.

आधी कोणाचं काम कोणाकडे आहे ते पाठ करा. आयात-निर्यात कोड, म्हणजे आयईसी, विदेश व्यापार महासंचालनालय देतं. फळं, भाजी आणि प्रक्रिया केलेले पदार्थ अपेडाकडे, मासळी एम्पेडाकडे. कोकम मसाले मंडळाच्या यादीत आहे, आणि नवा माणूस हमखास इथे चुकतो. सरबत किंवा आगळ (कोकमाचा घट्ट रस) असेल तर नोंदणी कुठे करायची ते त्या मंडळालाच आधी लेखी विचारा. अर्जदाराला चुकीच्या दारात पाठवलं की त्याचे पंधरा दिवस जातात, आणि आंब्याच्या हंगामात पंधरा दिवस म्हणजे अर्धी बाग.

आयईसीची फी 500 रुपये आहे, अर्ज ऑनलाइन होतो आणि कोड म्हणजे पॅनचाच क्रमांक. अडचण पुढे येते. पॅन, जीएसटी, बँक खातं आणि उद्यम नोंदणी यांवरची नावं ताडून पाहा. एका ठिकाणी आडनाव आधी, दुसरीकडे शेवटी, तिसरीकडे 'अँड सन्स' गाळलेलं, असं सर्रास असतं. खातं बचतीचं असेल तर आधी चालू खातं उघडायला सांगा. बँकेचा एडी कोड (परकीय चलनाचे व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) सीमाशुल्काच्या आइसगेट या पोर्टलवर नोंदला नसेल तर शिपिंग बिल, म्हणजे सीमाशुल्काकडचा निर्यातीचा कागद, निघतच नाही, आणि हे नेमकं माल न्हावाशेव्याला पोचल्यावर कळतं. दर वर्षी एप्रिल ते जून या काळात आयईसी अद्ययावत करावा लागतो, काहीही बदललेलं नसलं तरी. नाही केला तर तो निष्क्रिय होतो. जीएसटी न भरता माल पाठवायचा असेल तर लागणारं हमीपत्र, म्हणजे एलयूटी, दर आर्थिक वर्षाला नव्याने भरावं लागतं. दोन्ही तारखा तुमच्या डायरीत असल्या पाहिजेत, कारण छोट्या उद्योजकाच्या त्या लक्षात राहत नाहीत.

आता आंबा. इथे सगळ्यात जास्त वेळ द्या.

हापूस युरोपात जायचा असेल तर 48 अंश सेल्सिअसला 60 मिनिटं उष्ण जल प्रक्रिया करतात. अमेरिकेला किमान 400 ग्रे (किरणांच्या मात्रेचं एकक) विकिरण लागतं, आणि पेटीच्या छिद्रांना कीटक शिरणार नाही अशी जाळी. जपानला बाष्प प्रक्रिया, म्हणजे गरम वाफेची. हा कडकपणा कुठून आला ते बागायतदाराला समजावून सांगा. फळमाशी सापडल्यामुळे युरोपीय संघाने 1 मे 2014 पासून भारतीय आंबा बंद केला होता. 2015 च्या सुरुवातीला बंदी उठली, पण भरवसा परत मिळवायला प्रक्रिया आणि नोंदी दोन्ही काटेकोर कराव्या लागल्या. एका बागेतली एक अळी सगळ्या देशाच्या आंब्याला अडवू शकते.

बाग नोंदणी मोहोराच्या वेळीच करून घ्या. सातबारा मागितला की कोकणातली जुनी अडचण समोर येते: सामायिक जमीन, दहा-बारा नावं, त्यातली निम्मी माणसं मुंबईत. संमतीपत्रं गोळा करायला महिना सहज जातो, म्हणून हा कागद डिसेंबरातच मागा. त्याहून नाजूक प्रश्न कराराने दिलेल्या बागांचा. नोंदणी मालकाच्या नावावर असते आणि फवारणी करार घेणारा करतो. औषध कोणतं, मात्रा किती, फवारणी कोणत्या तारखेला, ही वही त्याच्याकडेच असते, किंवा नसतेच. युरोपात ज्या औषधाची वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला किलोमागे 0.01 मिलिग्रॅम एवढीच सूट आहे. दुकानदाराने "हे पण थोडं टाका" म्हणून दिलेली एक बाटली त्यात बसत नाही. म्हणून बागेत गेलात की औषधांच्या रिकाम्या बाटल्या कुठे टाकतात ते बघा आणि वहीशी ताडून पाहा. तिथे खरी नोंद सापडते.

काढणीच्या वेळी स्वतः उभे राहा. निर्यातीला फळ चौदा आणे तयार हवं, म्हणजे पुरतं तयार होण्याच्या थोडं आधीचं. कोवळं फळ प्रक्रियेनंतर सुरकुततं आणि पिकलं तरी त्याला रंग-वास येत नाही. झाडावर पुरतं तयार होऊ दिलं तर आत साका (गराचा भाग पांढुरका, स्पंजासारखा होणं) व्हायची शक्यता वाढते, आणि साका बाहेरून दिसत नाही. प्रत्येक लॉटमधली काही फळं कापून बघण्याला दुसरा पर्याय नाही. बागायतदाराला ती फळं वाया गेल्यासारखी वाटतात, पण तिकडे गेलेल्या पेटीतलं एक फळ साक्याचं निघालं तर खरेदीदार पुढची ऑर्डर देत नाही. फळ झेल्याने (जाळी लावलेल्या काठीने), देठासकट, सकाळच्या वेळी उतरवायचं. चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, त्याचे डाग नंतर काळे पडतात. उतरवलेला आंबा उन्हात ठेवलेला दिसला तर तिथल्या तिथे सांगा.

विकिरणासाठी माल वाशीला न्यावा लागतो, म्हणजे रात्रभराचा प्रवास. गाडी कधी निघणार, प्रक्रियेची वेळ कोणती मिळाली आहे आणि विमान कोणतं, हे तीन आकडे एका कागदावर लिहून घेतल्याशिवाय काढणीला हो म्हणू नका.

मग कागद. इनव्हॉइस, पॅकिंग लिस्ट, फायटोसॅनिटरी प्रमाणपत्र (माल कीड-रोगमुक्त असल्याचं) आणि शिपिंग बिल टेबलावर शेजारी शेजारी मांडा आणि बोट ठेवून वाचा: पेट्यांची संख्या, निव्वळ वजन, ढोबळ वजन, बागेचा नोंदणी क्रमांक, पॅकहाऊसचा कोड, प्रक्रियेची तारीख. मे 2025 मध्ये अमेरिकेने भारतीय आंब्याच्या 15 खेपा विकिरणाच्या कागदपत्रांतल्या त्रुटींवरून नाकारल्या. परत आणायचा खर्च परवडणारा नव्हता, म्हणून माल तिथेच नष्ट करावा लागला. ज्याचे पैसे त्यात गुंतलेले असतात त्याचं वर्ष जातं. म्हणून हे वाचन कारकुनाकडे सोपवू नका.

काजूबद्दल थोडक्यात. डब्ल्यू 320 म्हणजे एका पौंडात 300 ते 320 अख्खे गर. ओलावा 5 टक्क्यांच्या आत हवा, आणि पावसाळ्यात इथल्या हवेत तो राखणं हीच खरी परीक्षा. त्याला हवाबंद पॅकिंग लागतं. पण व्हिएतनामच्या दराशी टक्कर घेताना छोट्या कारखानदाराचा जीव जातो. वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन आहे, देशातच चांगला भाव मिळतो. हिशेब मांडून पाहा, आणि निर्यात परवडत नसेल तर तसं स्पष्ट सांगा. आकडे वाढवण्यासाठी कोणालाही निर्यातीत ढकलू नये.

मासळीला बोटीपासून नोंद लागते. युरोपसाठी 2010 पासून पकड प्रमाणपत्र सक्तीचं आहे. बोटीचा नोंदणी क्रमांक, पकडीचा काळ आणि उतरवलेलं वजन जुळलं नाही तर खेप अडते. समुद्रातल्या कोळंबीला अमेरिकेचं दार 2018 पासून बंद आहे, कारण ट्रॉलच्या जाळ्यांतून कासवांची सुटका होण्याचा प्रश्न. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरावर कोणी अमेरिकेची ऑर्डर आल्याचं सांगितलं तर कोळंबी समुद्रातली की तळ्यातली, हे पहिलं विचारा.

पैशाच्या बाबतीत नव्या निर्यातदाराला सावध करा. नाशवंत माल 'पोचल्यावर पैसे' या बोलीवर गेला की दोन दिवसांनी डागाळलेल्या फळांचे फोटो येतात आणि दर निम्मा होतो. पहिल्या खेपेला काही रक्कम आगाऊ, उरलेली कागदपत्रांवर, आणि ईसीजीसी या सरकारी कंपनीचा निर्यात पतविमा असं सुचवा. खरेदीदारच नोंदणी फी किंवा वकिलाची फी मागत असेल तर व्यवहार तिथेच थांबवा.

1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद असते आणि आंबाही संपलेला असतो. या दोन महिन्यांत नाकारल्या गेलेल्या खेपांचे कागद काढून कारणं लिहा, ज्यांचे आयईसी अद्ययावत करायचे राहिले त्यांना जून संपायच्या आत फोन करा, आणि पुढच्या मोसमात नोंदवायच्या बागांची गाववार यादी गणपतीच्या आधी तयार ठेवा. गणपतीला मुंबईकर गावी येतात, आणि सामायिक सातबाऱ्यावरच्या सगळ्या सह्या एकाच घरात मिळतात.