आगीचा प्रत्येक पाऊस फॉस्फरसचा नसतो : व्हिडिओ पाहताना या चुका टाळा

रात्रीच्या आकाशातून ठिणग्या बरसताना दिसल्या की व्हिडिओखाली लगेच ‘पांढरा फॉस्फरस’ असं लिहून येतं. मे २०२२ मध्ये युक्रेनमधल्या मारिउपोल शहरातल्या अझोव्हस्ताल या पोलाद कारखान्यावरच्या रशियाच्या हल्ल्याबाबत हेच झालं. ती दृश्यं जुळत होती ग्राड या ट्रकवरून एकामागोमाग रॉकेटं डागणाऱ्या प्रणालीच्या ९एम२२एस या आग लावणाऱ्या रॉकेटशी. त्याच्या स्फोटकाग्रात (पुढच्या टोकात) मॅग्नेशियम मिश्रधातूच्या १८० षटकोनी कांड्या असतात आणि त्यांत थर्माइटसारखं, म्हणजे प्रचंड उष्णतेने जळणारं, मिश्रण भरलेलं असतं.

सर्वांत मोठी चूक म्हणजे फक्त उजेड बघणं. आधी धूर बघा. फॉस्फरस हवा लागताच पेटतो आणि दाट पांढरा धूर सोडतो. १५५ मिमीच्या एम८२५ए१ या धुरासाठीच्या अमेरिकी तोफगोळ्यातून फॉस्फरसमध्ये भिजवलेले ११६ नमद्याचे तुकडे हवेत विखुरतात. प्रत्येकामागे धुराची शेपटी असते, म्हणून दिवसा ते ऑक्टोपससारखं दिसतं. जानेवारी २००९ मधल्या इस्रायली हल्ल्यांतली गाझाची छायाचित्रं काढून बघा, एकदा पाहिलं की विसरत नाही. ग्राडच्या कांड्या मात्र लखलखत खाली येतात आणि धूर त्या मानाने खूपच कमी. रात्री धूर दिसत नाही, फसगत तिथेच होते. त्याच ठिकाणचं दिवसाचं चित्रण शोधा.

एखादाच प्रखर दिवा संथपणे तरंगत उतरत असेल, तर तो बहुधा पॅराशूटला टांगलेला उजेडाचा गोळा असतो. विमानातून सुटणारे फ्लेअर, म्हणजे क्षेपणास्त्रांना चकवणारे जळते गोळे, हेही आग लावण्यासाठी नसतात.

तरीही ठरत नसेल तर ‘आग लावणारं अस्त्र असावं’ एवढंच लिहा, पदार्थाचं नाव घेऊ नका. नाव चुकलं की आरोपी तेवढीच चूक दाखवून सगळा हल्लाच नाकारतो आणि भाजलेल्या माणसांचं खरं दुःख खोटं ठरतं. हे मला फार लागतं.

‘फॉस्फरस म्हणजे बंदी असलेलं रासायनिक अस्त्र’ हेही सरसकट खरं नाही. १९८० च्या पारंपरिक अस्त्रांच्या कराराचा तिसरा प्रोटोकॉल मुख्यतः आग लावण्यासाठी बनवलेल्या अस्त्रांना लागू होतो. धुरासाठी बनवलेले गोळे त्यातून निसटतात. नागरी वस्तीजवळ विमानातून टाकलेल्या अस्त्रांवर बंदी कडक आहे, तोफेतून डागलेल्यांवर सैल. ही पळवाट बुजायलाच हवी.

आणि घटनास्थळी कुणी ओळखीचं असेल तर त्यांना बजावून सांगा: फोटो लांबून काढा, तुकड्याला पायही लावू नका. मातीखाली विझल्यासारखा वाटणारा फॉस्फरस उकरताच पुन्हा पेटतो.